दोन कार्बोरेटर, एक कान

४ ऑक्टोबर

चिरंजीव खिळ्या,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी मिळतील, मिळाले तर. आधी भांडण.

तू माझ्या गाडीची जेट बदललीस.

गाडी कागदोपत्री भिंगरीची आहे, ठाऊक आहे मला. लेकीची बदली तुमच्या डोंगरावरच्या गावी झाली, ती तिथल्या इस्पितळात दिवसभर रक्त तपासते आणि गाडी तुझ्या गॅरेजात उभी असते, हेही ठाऊक आहे. पण इंजिन माझं आहे. त्या इंजिनाच्या हवेच्या वाटा मी हाताने घासून गुळगुळीत केल्या. एक अख्खा हिवाळा मांडीवर हेड घेऊन बसलो होतो. तुझी वहिनी म्हणायची, इतक्या मायेने कधी पोरीला मांडीवर घेतलं नाहीत. दोन कार्बोरेटरांच्या तोंडांवरच्या त्या पितळी तुताऱ्या मी स्वतः वळवल्या. टर्बो नाही, हवा कोंबणं नाही. जेवढा श्वास तेवढी धाव. असं इंजिन म्हणजे वृत्तात बसवलेली कविता. एक मात्रा इकडची तिकडे करशील तर ओळ लंगडते.

परवा भिंगरी दोन दिवसांसाठी घरी आली. बसने आली, गाडी तिथेच ठेवून. उंबऱ्यातच म्हणाली, "बाबा, काकाने गाडीला पंख लावलेत!" मग जेवताना काका, भांडी विसळताना काका. काका असं म्हणतो, काका तसं हसतो. मी म्हटलं, काकाचा फोटो लावू का भिंतीवर? तर तुझी वहिनी म्हणाली, हार तुम्हीच आणा.

हसू नकोस. मार्चमधल्या डोंगरचढाच्या शर्यतीत ती पहिल्यांदा उतरणार आहे. त्या गाडीचं इंजिन मी जुळवणार, हे ती सहावीत असल्यापासून ठरलं आहे. तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेव आणि काय काय केलंस ते सविस्तर लिही.

आणि हो, फोन करू नकोस. फोनवर माणसं बोलत नाहीत, नुसती कुरकुरतात. पत्रात माणूस सापडतो.

तुझा (अजून तरी),
दादा


१३ ऑक्टोबर

दादा,

साष्टांग नमस्कार. आशीर्वाद उधार राहू दे, तुझ्याकडे नेहमी उधारीच असते.

जेट बदलली. छोट्या भोकाची टाकली. का टाकली ते ऐक, मग जोडे मार.

तुझी लाडकी कविता इथे आली तेव्हा मागून काळा धूर सोडत आली. पहिल्याच चढाला खोकायला लागली. तू समुद्राकाठी बसून जुळवलेली गाडी, दादा! तिथली हवा तुझ्यासारखीच जाडजूड. इथे डोंगरावर ती विरळ होते. हवा कमी आणि पेट्रोल मात्र तेवढंच, मग इंजिनाला अजीर्ण होणार नाही तर काय? इथे माणसालासुद्धा जिना चढताना धाप लागते. मी पेट्रोल कमी केलं, टायमिंग केसभर पुढे घेतलं, आणि गाडी पळायला लागली. हे तुला वस्तादांनी शिकवलं नव्हतं असं म्हणू नकोस. तू नि मी एकाच गॅरेजात, एकाच फडक्याला हात पुसत शिकलो. मी नुसता पान्हे मोजत होतो, आणि कार्बोरेटरला लावायची रबरी नळी वस्ताद तुझ्याच कानाला द्यायचे, एवढाच फरक. "त्याचा कान सोन्याचा, तुझा पितळेचा." अजून आठवतं मला. तुलाही आठवत असणारच, तुझं कौतुक तू कुठे विसरतोस.

भिंगरी खूश आहे. रोज संध्याकाळी येते, बॉनेट उघडते, प्रश्न विचारते. तुझीच लेक, पण गंमत म्हणजे ऐकून घेते.

फोनवर कुरकुर होत नाही रे. तूच "काय? काय?" करतोस आणि ठेवून देतोस. नवा घे की.

वहिनींना नमस्कार. तुझ्या धाकट्या भावजयीने तुझ्यासाठी लोकरीची टोपी विणली आहे, सोबत पाठवतो.

खिळा


२४ ऑक्टोबर

खिळ्या,

हवेचा मुद्दा मान्य. मान्य करताना काय वाटलं ते विचारू नकोस. पत्र वाचून मी समुद्रावर गेलो, बराच वेळ बसलो, आणि शाळेतल्यासारख्या दोन ओळी जुळल्या:

उंच कड्यावर वारा पातळ, खाली सागर भरला,
श्वास एकला ज्याचा त्याला वेगवेगळा पुरला.

आपल्याला कविता शिकवणाऱ्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, छान, पण वही स्वच्छ ठेवा. तू असतास तर खिडकीबाहेर बघितलं असतंस. तू तेव्हाही वर्गात नसायचास. खाली रस्त्यावर कुठली गाडी गेली ते न बघता सांगायचास. पितळेचा कान म्हणे! वस्तादांना काय कळत होतं.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

पण एक लक्षात ठेव. जेट हवेप्रमाणे बदलतात. दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायचे ते डोंगरावर काय नि समुद्रावर काय, कानानेच. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. पहिल्याचा फुसकारा ऐकायचा, मग दुसऱ्याचा. दोन्ही एका पट्टीत आले की बस्स. ते काम तू करायचं नाहीस. ते मी शर्यतीच्या दिवशी येऊन करीन. भिंगरीला तसं सांगितलं आहेस का? ती तुला रोज भेटते. मला महिन्यातून एक पत्र येतं, त्यातही अर्धा कागद तुझाच असतो.

प्रश्न कसले विचारते ती? मला कधी विचारले नाहीत. मी गाडीखाली असायचो तेव्हा ती दारात उभी राहून पाय हलवत असायची. मला वाटायचं, कंटाळली आहे.

टोपी मिळाली. कानावर येते.

दादा


९ नोव्हेंबर

दादा,

टोपी कानावर यावी म्हणूनच विणतात.

भिंगरीला सांगितलं. तिने टाळी वाजवली. "बाबा येऊन नळी लावणार म्हणजे जिंकलोच." माझ्या पंखांचं काय झालं, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण आता तुझ्याशीच बोलतो आहे म्हणून सांगतो: त्या संध्याकाळी तिला चहा न विचारताच मी शटर खाली ओढलं. असे आपण. वय वाढतं, अक्कल तिथेच.

तिनेच युक्ती काढली आहे. मार्चपर्यंत थांबायचं कशाला, बाबांना आवाज पाठवू. गाडी चालू करून दोन्ही कार्बोरेटरांजवळ फोन धरला, आवाज भरला आणि मी तो वहिनींच्या फोनवर पाठवला आहे. ऐक आणि निकाल दे. सोन्याचा कान कामाला लागू दे.

खिळा


२० नोव्हेंबर

खिळ्या,

ऐकलं. तीनदा ऐकलं.

वाईट नाही. तुझ्या हाताखाली गेलेल्या गाडीच्या मानाने तर बरंच म्हणायला हवं. पण पुढचा कार्बोरेटर जरा पुढे पुढे करतो आणि मागचा मागे राहतो. घरात पाहुणे आले की थोरला बोलतो नि धाकटा दाराआड उभा राहतो, तसं. तिसऱ्या सिलिंडरपाशी एक अडखळ आहे; केवढी, तर दम लागलेला माणूस बोलता बोलता थांबतो एवढीच. मला तर वाचून दाखवल्यासारखं ऐकू आलं:

आधी कुजबुज, मागुन गुणगुण, मध्ये एक उसासा

पुढची ओळ अजून सुचलेली नाही.

तुझी वहिनी म्हणाली, मध्येच पाणी खळखळतंय. ते रेडिएटरचं असावं, दुर्लक्ष कर. शेवटी शेवटी आवाज फार चढतो असंही ती म्हणते, म्हणजे ती पोरगी उगाच जोरात ॲक्सिलरेटर दाबते आहे. तिला सांग, थंड इंजिन आणि झोपेतून उठलेली बायको, दोघांनाही आधी थोडा वेळ द्यावा. (हे पत्र वहिनीला दाखवणार नाही.)

पुढच्या कार्बोरेटरचा स्क्रू केसभर आत घे. बाकी मी आल्यावर.

बघ, इतक्या लांबून, इवल्याशा फोनवरून. वस्तादांची आठवण झाली.

दादा


२८ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. हे पत्र तुमच्या एकटीसाठी. दादाच्या हाती लागू देऊ नका.

धाकटीचं कपडे धुण्याचं मशीन खडखडत होतं. दुरुस्तीवाल्याने आवाज भरून पाठवा म्हटलं होतं, तो तिने माझ्याच फोनमध्ये भरला होता. माझ्या या जाड्या बोटांनी घोटाळा केला. गाडीचा आवाज दुरुस्तीवाल्याला गेला, तुम्हाला मशीनचा. त्या माणसाने निरोप पाठवला, "साहेब, ड्रम संपला आहे, नवीन घ्या." तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर दादाचं उत्तर आलेलं.

दादाने आमच्या कपड्यांच्या मशीनवर पानभर निकाल दिला आहे, वहिनी. त्यात एक कवितेची ओळसुद्धा आहे. मी इतका हसलो की धाकटीने पाणी आणून दिलं. मग पत्र पुन्हा वाचलं. पाणी ऐकलं ते "तुझी वहिनी म्हणाली", आवाज चढला तोही "ती म्हणते". मग हसू थांबलं.

त्याला कधीपासून ऐकू येत नाही?

आणखी एक लिहितो, कारण तुम्ही मला ओळखून आहात. ते पत्र मी खिशात घालून गॅरेजात गेलो होतो. सगळ्यांसमोर वाचायचं मनात होतं, भिंगरी येईल तेव्हा तिच्यासमोरही. इतकी वर्षं त्या सोन्याच्या कानाने माझं डोकं उठवलं आहे. ती आली, बॉनेट उघडलं, म्हणाली, "काका, बाबांचं उत्तर आलं का?" मी म्हटलं, टपालवाला आजारी आहे.

तुमचा,
खिळा


६ डिसेंबर

भाऊजी,

आशीर्वाद.

मी तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, गाडी अशीच वाजते. मला काय कळतंय त्यातलं. त्यांनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले, मान डोलावली. इतकं छान डोलावली की मलाही खरं वाटलं.

दोन वर्षं होत आली. जाड आवाज येतात त्यांना. दार आपटलं, ट्रक गेला, मी ओरडले, हे कळतं. बारीक आवाज गेले. शिट्टी, चहाची किटली, पाखरं. तुमच्या त्या नळीतला फुसकारा तर आधी गेला. एके सकाळी गॅरेजातून आले, नळी नीट गुंडाळून कपाटात ठेवली आणि म्हणाले, आता कामं कमी करायची. वयाचं कारण सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जन्मभर इंजिनाशेजारी उभे राहिलात, आणखी काय होणार? यंत्र लावा कानाला. यंत्राने सगळंच मोठं होतं म्हणतात, हवं ते नाही. ते पेटीत पडलं आहे.

पोरीला काही माहीत नाही. ती आली की मीच मध्ये बसते आणि तिचं बोलणं "अगंबाई, म्हणजे तू म्हणतेस की" करत परत सांगते. तिला वाटतं, आई म्हातारी झाली.

ते तुमच्यावर जळतात हे खरं आहे. पण सकाळी टपालाची वेळ झाली की दारात जाऊन उभे राहतात ते तुमच्याच पत्रासाठी. भिंगरीचं पत्र आलं तर ते आधी चाळून तुमचं नाव कितीदा आलं ते बघतात.

तुम्हाला कळलं आहे हे त्यांना कळू देऊ नका. एवढंच मागते.

वहिनी


१९ डिसेंबर

दादा,

उत्तराला उशीर झाला. तुझं मागचं पत्र टपालात रखडलं होतं.

तू सांगितलंस तसा स्क्रू केसभर आत घेतला. फोनवरच्या आवाजात तसा काही दम नसतो, तरी तू एवढं ओळखलंस. पुन्हा आवाज पाठवत नाही, फोनचा माइक बिघडला आहे.

आता खरं काम. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. रंग नीट कळत नाहीत. परवा धाकटीच्या हिरव्या साडीला निळी म्हणालो आणि जेवण उशिरा मिळालं. म्हणून गाडीचे चारही स्पार्क प्लग काढून या डबीत पाठवतो आहे. मोठा चढ पूर्ण जोरात चढून, वर पोचताच इंजिन बंद करून काढले आहेत. कापसात गुंडाळले आहेत, हाताने पुसू नकोस. प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर घातला आहे. रंग बघून सांग, आत जाळ कसा होतो आहे. वस्ताद म्हणायचे तसं: इंजिन तोंडाने खोटं बोलेल, जिभेने नाही.

शर्यत जवळ येते आहे. मला तुझे डोळे हवेत.

खिळा


३ जानेवारी

खिळ्या,

प्लग मिळाले. खिडकीपाशी पांढऱ्या रुमालावर मांडले आणि सकाळच्या उजेडात वाचले. वहिनीने चहा आणून ठेवला तो गार झाला; तिने पुन्हा आणला, तोही झाला. तिसऱ्यांदा म्हणाली, आता पेट्रोलच आणते.

काय सुंदर आहेत रे! पहिला, तिसरा आणि चौथा हे भाजलेल्या पावाच्या कडेसारखे तांबूस. असा रंग मी क्वचित पाहिला आहे. तुझी जेट बरोबर आहेत. हे वाक्य पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

पण दुसरा बघ. भिंगातून बघ, नाहीतर धाकटीला बघायला सांग. त्याची जीभ फिकी आहे, काठाला राखेसारखी पांढरी. त्या एकाच सिलिंडरला हवा जास्त मिळते आहे. कार्बोरेटरातून असती तर त्याच कार्बोरेटरवरच्या पहिल्यालाही मिळाली असती. म्हणजे ती चोरवाटेने येते आहे. हवा-पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड जिथे हेडला टेकतो तिथलं दुसऱ्या सिलिंडरचं पॅकिंग काढून बघ. बारीक चीर असेल. अशीच पळवलीस तर चढाच्या ऐन मध्यावर पिस्टन वितळेल. आपल्या श्वासावर धावणाऱ्याने दुसऱ्याच्या खिडकीतून श्वास घेऊ नये.

माझ्या मनात आनंद आहे आणि आनंदाच्या शेजारी एक खडा आहे. तो कसला ते कळत नव्हतं, आज कळलं. मोतीबिंदू असलेल्या माणसाने प्लगवर इतके सुबक नंबर कसे घातले?

दादा


१५ जानेवारी

दादा,

नंबर भिंगरीने घातले. शंकेखोर आहेस.

पॅकिंग काढलं. चीर होती, केसाएवढी, दुसऱ्याच सिलिंडरपाशी. मी गाडी रोज चालवली, रोज ऐकली, मला ती सापडली नव्हती. भिंगरीने ते फाटकं पॅकिंग खिळ्याला टांगून ठेवलं आहे आणि गॅरेजात येईल त्याला दाखवते: "हे माझ्या बाबांनी घरी बसून, प्लग बघून सांगितलं." कालपर्यंत गिऱ्हाइकं मला विचारायची, आज तिच्या बाबांचा पत्ता मागतात. असो. पितळ पितळच.

शर्यत बारा मार्चला. दोघं या. तिने नवी रबरी नळी विकत आणली आहे आणि तुझ्यासाठी जपून ठेवली आहे.

तुला दगदग वाटत असेल तर नळीचं राहू दे. मी आदल्या दिवशीच कार्बोरेटर जुळवून ठेवीन आणि तिला सांगीन, दादाने पत्रातून सांगितलं तसं केलं. तू नुसता ये आणि उभा राहा. तेवढं पुरे.

खिळा


२७ जानेवारी

खिळ्या,

येतो. आणि नळी मीच लावणार.

"दगदग" हा शब्द तू आजवर मला कधी लिहिला नव्हतास. "नुसता ये आणि उभा राहा" हेही नाही. तू माझ्याशी गोड बोलायला लागलास की मी आधी खिसा चाचपतो.

दादा


२१ मार्च

चिरंजीव खिळ्या,

घरी सुखरूप पोचलो. तुझी वहिनी झोपली आहे, दुपारचं ऊन टेबलावर आलं आहे. मी नऊ दिवस हे पत्र मनात लिहितो आहे.

आधी तुझं अभिनंदन, म्हणजे तिचं. दोन टर्बोवाल्यांच्या मागे तिसरी. वळणावरून ती दिसेनाशी झाली तेव्हा मला आवाज आला नाही, पण चपलेखालची जमीन कितीतरी वेळ गुणगुणत होती. घरी येऊन बिछान्यावर पडलो तरी तळपायात ती होतीच.

आता त्या सकाळचं.

भिंगरीने नळी माझ्या हातात दिली. आजूबाजूला माणसं जमली होती, तिने पॅकिंगची गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवली होती. ती आत बसली, इंजिन चालू केलं. उभ्या बॉनेटमुळे तिला मी दिसत नव्हतो. मी नळी पहिल्या तुतारीत धरली आणि दुसरं टोक कानाला लावलं. खिळ्या, आत काहीच नव्हतं. रिकाम्या शिंपल्यातसुद्धा काहीतरी असतं. मी स्क्रूवर बोट ठेवून नुसता उभा राहिलो. तेवढ्यात तू पलीकडच्या बाजूने वाकलास, खिशातून दुसरी नळी काढलीस आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी मलाही ऐकू येईल असं म्हणालास, "दादा, मलाही ऐकू दे रे एकदा, वस्तादांनी कधी दिलं नाही."

सगळे हसले. आणि मग गाडीच्या पत्र्यावर तुझं बोट फिरलं. थोडं उजवीकडे. मी स्क्रू थोडा उजवीकडे. पुन्हा थोडं. मग परत, केसभर. मग दुसरी तुतारी. मग मूठ मिटलीस.

मी नळी काढली. भिंगरीने काच खाली करून विचारलं असणार, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "जुळलं." टाळ्या मला दिसल्या.

परतीच्या बसमध्ये तुझ्या वहिनीला धारेवर धरलं. तिने सगळं सांगितलं, कपड्यांच्या मशीनसकट. हसलो मी. खरंच हसलो. पुढच्या बाकावरच्या बाई मागे वळल्या. मग विचारलं, मोतीबिंदू? ती म्हणाली, भाऊजींचे डोळे घारीसारखे आहेत.

खिळ्या, तुझी जेट मी सोसली. तुझी ती विरळ हवा सोसली. पोरीच्या तोंडी सदानकदा तू, तेही सोसलं. पण हा मोठेपणा? कान तुझा, आणि तू तो बॉनेटआडून गुपचूप मला देऊन टाकलास आणि वर "पितळ पितळच" लिहिलंस? वस्तादांनी सोनं म्हटलं ते माझ्या कानाला. मनाला म्हणायचं झालं असतं तर नळी कुणाच्या हाती गेली असती, या विचाराने मला जेवण जात नाही. सगळ्यांत जास्त मी तुझ्यावर याच गोष्टीसाठी जळलो आहे, आणि यावर जेट बदलून उपाय नाही.

म्हणून मी काय केलं ते ऐक. सगळा मोठेपणा तुझ्या एकट्याकडे राहू द्यायचा नाही, एवढ्याच हट्टाने पोचल्या दिवशीच मी भिंगरीला पत्र लिहिलं. ऐकू येत नाही, नळीत काही नव्हतं, बोट काकाचं होतं. सगळं.

उत्तर काल आलं. चार ओळींचं. मला वाटलं होतं रडेल. भडकली आहे. "तुम्ही दोघांनी आणि आईने, तिघांनी मिळून मला वेड्यात काढलंत. माझ्या गाडीच्या बॉनेटला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. कार्बोरेटर मी जुळवीन. नळी माझ्याकडे आहे. ऐकायचं कसं ते मला शिकवा."

वाचलंस नीट? "शिकवा" म्हणते. कुणी, ते लिहिलेलं नाही.

तुझ्याकडे कान आहे, गॅरेज आहे, ती रोज संध्याकाळी येते. हे सगळं तुझ्या बाजूने. पण फुसकाऱ्याला शब्द लागतात. कोणता फुसकारा रेशीम फाटल्यासारखा, कोणता ओठांतून सुटलेल्या "श्"सारखा, कोणता अंथरुणात कूस बदलल्यासारखा, हे तुला कधी सांगता आलेलं नाही, तू नुसता मूठ मिटतोस. मला आता ऐकू येत नाही, पण काय ऐकायचं ते एकेक अक्षर पाठ आहे.

तिला पहिला धडा काल दुपारीच लिहून जलद टपालाने टाकला. हे पत्र साध्या टपालाने येईल.

अनेक आशीर्वाद.

दादा